मंग समोर काय झालं?

दारव्हा रोडच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण दिवाळी उलटली की कापसानं फुगलेले टेम्पो जिनिंगच्या दिशेनं धावू लागतात, वरची जाळी कुणी नीट बांधत नाही, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक काटेरी फांदीला एकेक पुंजका अडकून राहतो. आधी उन्हात पांढराशुभ्र दिसतो, मग धुळीनं मळत जातो. ज्याच्या वावरातून तो आला त्याला पत्ताही नसतो. मी सकाळी त्या बाजूला जातो, पुंजके पाहतो आणि परत येतो. डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय म्हणून फिरायचं, नाहीतर या वयात कुठं पोहोचायचं आहे?

कापूस पाहून आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला भाव आठवतो, बोंडअळी आठवते, गेलेली माणसं आठवतात. मला सिनेमा आठवतो. ऐकायला हे वाईट दिसतं, पण आहे ते आहे. बायको म्हणते, "तुम्हाला स्मशानातसुद्धा सिनेमाच आठवेल." आठवेलच. सिनेमातली स्मशानं मला नेहमीच फार स्वच्छ वाटत आली आहेत.

मी सिनेमाचा माणूस. म्हणजे सिनेमात काही केलेलं नाही, फक्त पाहिला. जन्म बोरी अरबचा, नोकरी यवतमाळला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कचेरीत. टॉकीज फारसं वाट्याला आलं नाही. माझा सिनेमा बहुतेक घरातलाच. आधी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, मग आपल्या टीव्हीवर, मग सीडीवर, आणि आता या भिंतीएवढ्या नव्या टीव्हीवर. मुलानं तो लावून दिला, कोणतं बटण कशाचं ते घाईघाईनं सांगितलं आणि तो पुण्याला निघून गेला.

या टीव्हीत जगातलं सगळं आहे, आणि तेच जड जातं. काय पाहावं हे ठरवता ठरवता डोळे मिटायला लागतात. एखादा सिनेमा सुरू केलाच, तर तो संपताक्षणी दुसरा आपोआप सुरू होतो. पूर्वी शेवटची नावं वर सरकत असताना माणूस जरा गप्प बसायचा, डोळे पुसायचा, पायानं चपला चाचपायचा. तेवढी उसंतसुद्धा आता कुणी देत नाही. संपलेला सिनेमा थोडा वेळ संपलेला राहू द्यावा, असं माझं मत आहे. माझी मतं पुष्कळ आहेत. विचारणारं कुणी नाही, म्हणून ती साठत गेली.

आता सिनेमातलं शेतच घ्या. ते कायम पिवळं असतं, मोहरीचं. नाहीतर कमरेएवढा हिरवागार गहू. नायक-नायिका हात पसरून त्यातून धावतात. पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकातून, मात्र कुणी धावलेलं मी पाहिलं नाही. धावून दाखवावं. वाळक्या बोंडाची टोकं पिंढऱ्या अशा ओरबाडतील की गाण्याचं दुसरं कडवं दवाखान्यात घ्यावं लागेल. आणि सिनेमातला शेतकरी संध्याकाळी घरी येतो तो परीटघडीच्या धोतरात. आमची वहिनी वेचणीवरून आली की तिच्या भुवयांत तंतू असायचे आणि बोटांची टोकं फाटलेली असायची. पडद्यावर इतकी सुंदर बोटं जवळून दाखवतात, पण फाटकी बोटं जवळून दाखवलेली मला अजून पाहायची आहेत.

घरी पाहिलेला सिनेमा निम्मा घराचाच असतो. नायिका निरोप घेत असते आणि कुकर शिट्टी देतो. खलनायक पिस्तूल रोखतो तेव्हा नेमका दूधवाला दारात हाक मारतो, आणि भांडं कुणी न्यायचं यावरून डोळ्यांनी भांडणं होतात. त्यामुळे मला कितीतरी सिनेमे वासासकट आठवतात. एका रडक्या सिनेमाला तर माझ्या डोक्यात कायमचा मिरच्यांचा ठसका आहे. त्या दिवशी सगळं घर रडलं होतं, पण नक्की कशानं, ते आजही सांगता येत नाही.

कापूस आणि सिनेमा एकत्र आले ते एका हंगामात. या शतकाची ती पहिलीच काही वर्षं. कापूस बुडण्याची वर्षं. त्यांच्याबद्दल इतकं छापून, बोलून, दाखवून झालंय की मी त्यात भर घालू नये. बाहेरून माणसं कॅमेरे घेऊन यायची, रिकाम्या ओट्यांचे फोटो काढायची आणि दिवस मावळायच्या आत नागपूर गाठायची. मी फक्त आमच्या बैठकीच्या खोलीपुरतं बोलतो.

दिवाळीनंतर, वेचणी ऐन भरात असताना, वहिनी दादाला घेऊन आमच्याकडे आली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गावची शेती त्याच्याकडे. वेचणीच्या दिवसांत दादा वावर सोडून पाहुणा म्हणून येतो, यातच सगळं आलं. तो दिवाणावर जाऊन बसला आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागला. वहिनीनं वातींसाठी आणलेला घरचा कापूस पिशवीतून काढून माझ्या बायकोला दिला आणि मला अंगणात बोलावलं.

"भाऊजी, याईले इथं ठेवा जराक. तिकडं नुसते बसून राह्यतात. बोलत नाहीत का जेवत नाहीत. शालिक भाऊजी गेले तवापासून असंच हाय."

"डॉक्टरले दाखवलं का?"

"दाखवलं. गोळ्या देल्ल्या. पन मी दिवसभर वावरात. मांगं घरात कोन पाह्यते?" ती थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "एकटे नोको ठेवजा, एवढंच."

एवढंच. पुढचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. जेवायलाही थांबली नाही, दुपारच्या एसटीनं परत गेली. फुटलेलं बोंड कुणासाठी थांबत नाही.

शालिक हा दादाचा धुरेशेजारी. दोघांच्या वावरांत एकच धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली दोघांची शिदोरी. पेरणी एका दिवशी, डवरणी एका दिवशी, भांडणं रोजची. त्या वर्षी पोळा झाल्यावर शालिकनं औषध घेतलं.

इथं जरा थांबून सांगायला हवं. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. डब्यावर कवटी असली तरी ते औषध. त्यामुळे माणूस असा गेला की कुणी 'विष प्यायला' म्हणत नाही. आवाज खाली आणून म्हणतात, औषध घेतलं. ऐकणारा त्यावर काही विचारत नाही. त्या वर्षांत हे दोन शब्द इतक्या घरांत शिरले की खऱ्या औषधाचं नाव घ्यायची पंचाईत झाली. आमच्या घरातून तो शब्द आपोआपच हद्दपार झाला. दादाच्या गोळ्यांना आम्ही 'सकाळची' आणि 'रातची' म्हणायचो, आणि भूक लागावी म्हणून दिलेल्या पातळ औषधाला नुसतं 'बाटली'. कुणी असं ठरवलं नव्हतं. गोळी मी हातावर ठेवली की दादा निमूट गिळायचा. बाटली पाहिली की मात्र तोंड फिरवायचा.

मी घाबरलो होतो. सकाळी कचेरीला निघताना मी दोनदा मागे वळून पाहायचो आणि संध्याकाळी घराचं फाटक उघडताना आधी आत कानोसा घ्यायचो. भावाशी काय बोलावं ते मला कळत नव्हतं, शालिकचं नाव काढायची हिंमत नव्हती. मला एकच गोष्ट येत होती. मी सीडीवाल्याकडे गेलो.

बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. "साहेब, फॅमिली पाह्यजे का फायटिंग?" तो विचारायचा. मी हसवणारा मागितला. विनोदी सिनेमा दुःखी माणसाला दाखवू नये, हे माझं मत त्याच आठवड्यात पक्कं झालं. पडद्यावर माणसं शेणात पडत होती, एकमेकांच्या बायकांच्या पाया पडत होती. बायको हसायची, मी हसायचो, आणि हसता हसता आम्ही दोघं चोरून दादाकडे पाहायचो. दादा आमच्याकडे पाहत असायचा. हसणाऱ्यांच्या मधे बसवलेला माणूस एरवीपेक्षा जास्त एकटा दिसतो.

मग विनोदी सोडले. मारामारीचे नकोत, रडके तर नकोतच. सिनेमात माणसं किती सहज मरतात, हे मला त्या हंगामात पहिल्यांदा खुपलं. आयुष्यभर शेंगदाणे खात ती मरणं पाहिली होती. आता प्रत्येक सीडी उचलताना मी दुकानदाराला विचारू लागलो, "यात कोनी मरते का?"

तो एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, इंटरवलच्या आधी का नंतर?"

आणि लाईन. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि त्या वर्षांत ती येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध होती. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण ते लाईनला कुणी वाचून दाखवलं नसावं. नायक तोंड उघडायचा आणि पडदा काळा व्हायचा. घरातला पंखा हळूहळू थांबायचा. मग बायको म्हणायची, "आता पुढं काय होणार हो?" ती साताऱ्याकडची, म्हणून पुढं. आमच्याकडे पुढं म्हणत नाहीत, समोर म्हणतात. गाडी समोर घे, समोरच्या महिन्यात ये, मंग समोर काय झालं. लग्न होऊन आली तेव्हा याच शब्दानं तिचा छळ केला होता. बसमधून उतरताना कंडक्टर म्हणाला, "बाई, समोर उतरजा," म्हणजे पुढच्या थांब्यावर, आणि ही डोळ्यांसमोर दिसला त्याच थांब्यावर उतरून मोकळी झाली. तिच्यासाठी समोर म्हणजे डोळ्यांपुढं दिसतंय ते. आमच्यासाठी समोर म्हणजे अजून यायचंय ते. ती म्हणते, तुम्ही लोक विचित्रच आहात. असू. जे यायचंय ते डोळ्यांपुढं धरल्याशिवाय आमच्याकडे कुणी काळ्या मातीत बी टाकणार नाही.

लाईन गेली की मी दादाकडे पाहायचो. माझी एक भाबडी समजूत झाली होती. ज्याला समोर काय झालं ते जाणून घ्यायचं असतं, तो माणूस कुठं जात नाही, अशी. कोणताही सिनेमा चालेल, कितीही भिकार, पण लाईन गेल्यावर दादानं एकदा तरी विचारावं. बाकी मला काही नको होतं. पण लाईन गेली की दादा उठायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा. लाईन आल्यावर पुन्हा येऊन बसायचा. मधलं जे निसटलं त्याबद्दल अवाक्षर नाही. मी रोज वाट पाहायचो आणि रोज थकून झोपायचो.

एक काम मात्र त्यानं आपणहून अंगावर घेतलं. भाड्याच्या सीड्या बोटांच्या डागांनी भरलेल्या असायच्या. त्या साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसायच्या, म्हणजे चित्र अडकत नाही, असं तेव्हाचं शास्त्र होतं. बायको साडीच्या पदरानं पुसायची. दादानं एक दिवस तिच्या हातून सीडी घेतली, वातींच्या कापसातला पुंजका काढला आणि तो निवडायला बसला. सरकी काढली, वाळकी पत्ती काढली, बोटांत फिरवून मऊ बोळा केला.

"बोंडाचं टोक राह्यलं नाही पाह्यजे," तो बायकोला म्हणाला. "राह्यलं तं चरा पडते."

आठवडाभरातलं ते त्याचं सगळ्यात लांब बोलणं. तेव्हापासून सीड्या दादाच्या. वेचणीच्या दिवसांत त्या हातांना कापसाशिवाय करमत नसावं. मला ते पाहून बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

मग एका रविवारी मी तो जुना कृष्णधवल सिनेमा आणला, नावाड्याचा. सीडीवाला म्हणाला, "हा कोनी नेत नाही साहेब." मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मी जल्मलो नव्हतो तवाचा हाय. मले काय मालूम?"

साधी गोष्ट होती. नदीकाठचं गाव, एक नावाडी, त्याची म्हातारी आई, नदीपलीकडे वैद्य. गावात एक पोर तापानं फणफणतं आणि नदीला पूर येतो. सगळे नको म्हणत असताना नावाडी नाव सोडतो. जुन्या सिनेमांबद्दल माझं मत असं की त्यांना घाई नव्हती. नाव सोडायच्या आधी तो माणूस काठावर नुसता उभा राहतो, पाण्याकडे पाहतो, धोतर खोचतो. आजच्या सिनेमात एवढ्या वेळात तीन खून होतात. पहिलं दृश्य आलं तेव्हाच दादानं दिवाणावरून पाय खाली सोडले होते. तो पुढं झुकून पाहत होता. मी बायकोला कोपरानं ढोसलं. पहिली सीडी संपली तेव्हा नाव पुराच्या मधोमध होती, आणि लाईन चक्क शाबूत होती.

दुसरी सीडी दादानं पुसून दिली. मी यंत्रात घातली. पडद्यावर चौकोन आले, मग खरखर, मग काहीच नाही. काढून उजेडात धरली तर काठापासून मधल्या भोकापर्यंत एक खोल चरा. दादाच्या हातातल्या बोळ्यात वाळक्या बोंडाचं टोक होतं. कापसात जन्म गेलेल्या माणसाच्या हातून ते राहिलं कसं, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, मन ठिकाणावर नाही त्याचं, आणखी काय. दादानं सीडीकडे पाहिलं, बोळा खिडकीत ठेवला आणि तो ओट्यावर गेला. सीडीवाल्याकडे दुसरी प्रत नव्हती. शहरात कुणाकडेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत माझ्यासाठी फोन आला. बायको होती. आवाज चढलेला, धाप लागलेला.

"अहो, ऐका ना, भाऊजींनी औषध घेतलं..."

आणि फोन कट झाला. तेव्हाच्या फोनचं ते नेहमीचंच होतं.

कचेरीतून मी स्कूटरवर कसा बसलो ते मला सांगता येणार नाही. लोहाऱ्याहून घर काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपत नव्हता. पुढं कापसाचा टेम्पो होता, तो वाट देत नव्हता, आणि बाजूच्या बाभळींवर पुंजकेच पुंजके होते. मला तेवढेच दिसत होते. मी आयुष्यात प्रत्येक प्रसंगाला एखादा सिनेमा आठवलेला माणूस. त्या रस्त्यावर मला एकही सिनेमा आठवला नाही. वहिनीला काय सांगू, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि ते पुरं होत नव्हतं.

बायको दारातच उभी होती. हसत होती. माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं.

दादा दिवाणावर बसला होता. पुढ्यात अर्धं संपलेलं ताट, ताटाशेजारी ती भुकेची बाटली, आणि तिचं छोटं झाकण पालथं घातलेलं.

"स्वतः मागून घेतलं भाऊजींनी," बायको म्हणाली. "म्हणाले, ती बाटली आन. म्हटलं तुम्हाला लगेच कळवावं..." मग तिला कळलं आपण फोनवर काय बोललो ते. तिनं तोंडावर हात घेतला. तिच्या माहेरी औषध म्हणजे औषधच. आमच्याकडे राहून तिची जीभ सावध झाली होती, पण आनंदात ती माहेरी गेली.

मी उंबऱ्यातच बसलो. मी रडलो, मोठ्यानं, नाक पुसायचंही भान न ठेवता. सुटलो म्हणून रडलो, शालिकसाठी रडलो, इतके दिवस रोज फाटक उघडताना गिळलेलं सगळं बाहेर आलं. दादा माझ्याकडे पाहत होता. मला काय वाटलं असेल ते त्याला समजलं होतं. आमच्या जिल्ह्यात ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. बायको पाणी आणायला आत गेली.

बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, "काल तो पिक्चर अर्धा राह्यला नं?"

मी मान हलवली.

"मंग समोर काय झालं?"

मला काय माहीत समोर काय झालं! पण मी सांगू लागलो. उंबऱ्यात बसूनच, हुंदके गिळत. सांगितलं की पाणी वाढलं, वीज कडाडली, वल्हं मोडलं.

"वल्हं मोडलं तं नाव काहीनं चालवली?" दादानं विचारलं.

"हातानं."

"पुरात?"

"पिक्चर हाय दादा."

"हं. मंग?"

मग मी पलीकडून वैद्याला नावेत घेतलं, परतीच्या वाटेवर त्या दोघांना एक लाकूड आडवं आणलं, काठावर गावातली माणसं कंदील घेऊन उभी केली, त्यांच्याकडून दोर टाकवला, आईला देवापुढं बसवलं. जेवढे सिनेमे पाहिले होते तेवढ्यांतून उसनं आणलं. "आन मंग नाव लागली काठाले," मी म्हटलं. दादानं ताट पुढं ओढलं आणि राहिलेला भात संपवला.

त्यानंतर सगळं एकदम बरं झालं, असं नाही. सिनेमात एका गाण्यात वर्षं जातात. आमची एकेक करून गेली. दादा वेचणी संपायच्या आत गावी परतला. पुढच्या मृगात त्यानं पेरलं, आणि शालिकच्या वावरात डवरणीला त्याच्या मुलांबरोबर उभा राहिला. काही वर्षं पिकली, काही बुडाली. वहिनीचे केस पांढरे झाले. माझी नोकरी संपली, सीडीवाल्यानं दुकान बंद करून मोबाईलचं टाकलं. औषध हा शब्द घरात हळूहळू परत आला, आता तर आमच्या चौघांच्या बोलण्यात दुसरं काही नसतंच. ही गोष्ट मात्र मी पुष्कळांना सांगत आलो. सिनेमानं माझा भाऊ परत आणला, असं म्हणत आलो. दमलेल्या माणसाला अभिमान वाटावा असं फार काही नसतं. माझ्यापाशी एवढं होतं.

या आठवड्यात दादा आलाय. मोतीबिंदू काढला, तो डोळा तपासायला. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण दिसतं लख्ख. काल दुपारी जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर काहीबाही चाळत बसलो होतो आणि अचानक तो समोर आला. नावाड्याचा सिनेमा. स्वच्छ धुतलेला, चऱ्याचं नावही नाही. मी दादाला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "लाव मंग." बायको खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती.

नाव पुराच्या मधोमध आली. इथवरचं मला पाठ होतं. पुढचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. वल्हं मोडलं नाही, कंदील नाहीत, दोर नाही. पडदा काळा होतो, मग पहाट होते. पूर ओसरलेला. काठावर आई बसलेली. आणि नाव एकटीच वाहत, हळूहळू काठाशी येऊन टेकते. तिच्यात वल्हं आडवं पडलेलं, आणि कुणी नाही.

मी रिमोट शोधत होतो. गादीखाली, उशीखाली, कुठं सापडेना.

"राहू दे," दादा म्हणाला. "मले माहीत हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"पाह्यला होता म्या. जत्रेत पिक्चरचा तंबू यायचा नं, तवा. तू माह्या मांडीवर झोपला होता." तो टीव्हीकडेच पाहत होता. "शालिकबी होता संगं. लय रडला होता त्या रिकाम्या नावेले पाहून. मी त्याले हसलो होतो."

"मंग ती सीडी..."

"टोक होतं बोळ्यात. दिसलं होतं मले."

पडद्यावर नावं वर सरकू लागली होती. इतकी वर्षं सांगत आलेली माझी गोष्ट माझ्याच हातातून सुटून चालली होती.

"तुले माहीत होतं, तं मले काहून इचारलं, समोर काय झालं मनून?"

दादानं डोळ्यातलं पाणी पुसलं. डॉक्टरांनी डोळा चोळू नका म्हटलंय, म्हणून हलकेच पुसलं.

"पिक्चरचा शेवट मले पाहाचा नव्हता. तू काय सांगतं ते आयकाचं होतं," तो म्हणाला. "तू तथी उंबऱ्यात बसून रडून राह्यला होता. आन तरी म्हणत होता, नाव लागली काठाले."

टीव्हीवर दुसरा सिनेमा आपोआप सुरू झाला. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

"मंग मीबी म्हटलं," दादा म्हणाला, "लागू दे."